शेडमधल्या जुन्या इंजिनाचे करायचे काय?

अडीअडचणीला असू दे म्हणून ठेवलेले टाटाचे जुने ‘६९७’ इंजिन अनेक वाहतूकदारांच्या शेडमध्ये सापडते. सहा सिलिंडर, बोअर ९७ मिलिमीटर, नावातच माप. विकावे, ठेवावे की भंगारात द्यावे? आधी हाताने क्रँक फिरवून पाहावा. फिरला, तर मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासावे. ब्लॉकला तडा असेल, तर हेड, डिझेल पंप सुटे विकलेलेच बरे.

खरी मेख कागदांत आहे. इंजिन क्रमांक आरसी बुकात नोंदलेला असतो. इंजिन दुसऱ्या ट्रकला बसवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार १४ दिवसांत आरटीओला कळवावे लागते. बिल नसेल, तर ठणठणीत इंजिनालाही गिऱ्हाईक चोरीच्या संशयाने हात लावत नाही.

ठेवायचेच असेल, तर पाणी काढावे, सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे, तोंडे बंद करावीत. नाहीतर पावसाळ्यात रिंगा गंजून अडकतात.