आभाळ भरलं की ही कामं उरका. लाईट गेली तरी तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका

जालना : 11 फेब्रुवारी 2018 चा रविवार आठवा. सकाळी सकाळी गारा पडल्या. गहू-हरभरा तर गेलाच, जिल्ह्यात माणसंही दगावली. म्हणून आभाळ भरलं की आधी घरातली तयारी करा.

लाईट गेली की बोअरची मोटार बंद, म्हणजे पाणी बंद. हौद, ड्रम भरून ठेवा. मोबाईल, बॅटरी चार्ज करा. घरावरच्या पत्र्यांवर नुसते दगड ठेवू नका, वाऱ्यानं तेच अंगावर येतात; पत्रे नटबोल्टनं आवळा. जनावरं झाडाखाली बांधू नका. आसपास वीज पडायची शक्यता असली तर 'दामिनी' ॲप आधी सांगतं, ते मोबाईलमध्ये घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, लाईट गेली म्हणजे तार मेली असं नाही. वावरात पडलेल्या तारेत सप्लाय कधीही परत येतो, ओल्या जमिनीतूनही करंट लागतो. लांब राहा, जनावरं आवरा अन् महावितरणच्या 1912 वर फोन करा. मोटारीचा ऑटो स्विच बंद ठेवा. फ्यूज टाकायला स्वतः डीपीवर जाऊ नका. एक रात्र अंधारात काढता येते, गेलेला माणूस परत येत नाही.