डावी कूस, उजवी कूस

मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एकाचे चार होतात. मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे मोजतात तरी कसे, असं वाचक विचारतात.

प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी, आणि एकाच बिबट्याची डावी कूस उजवीसारखी नसते! म्हणून पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. एकच कूस हाती लागली, तर एका जनावराची दोन व्हायची भीती.

खरी मेहनत पुढेच. कॅमेऱ्यांच्या कार्डांमध्ये कुत्री, चितळ, माणसंही भरलेली असतात. त्यातून निवडलेल्या प्रत्येक फोटोपुढे कॅमेऱ्याचा क्रमांक, जागा, तारीख, वेळ, कूस आणि त्या बिबट्याची ओळख नोंदवावी लागते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं की त्याच्या साऱ्या नोंदी बिघडल्या. नक्षी जुळवायला सॉफ्टवेअर मदत करतं, पण शेवटचा निवाडा माणसाच्या नजरेचा.

अशी यादी हाती असली की न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. समजा, पहिल्या फेरीत 20 बिबटे टिपले, दुसऱ्या फेरीतही 20, आणि त्यातले 10 आधीचेच. तर एकूण सुमारे 40. प्रत्यक्षातलं गणित याहून बारकाईचं, पण गाभा हाच. वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांच्या या उद्यानातल्या 2015च्या अभ्यासात 35 बिबटे ओळखले गेले, 2018मध्ये 47. बातम्या या आकड्यांच्या होतात. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच: जुन्यांपैकी पुन्हा कोण दिसलं, कोण दिसेनासं झालं, कोणी हद्द बदलली. ते कळायला यादी वर्षानुवर्षं अखंड चालू राहावी लागते.

‘आजोबा’चंच पाहा. 2009मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या या नर बिबट्याला वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी चिप बसवली, जीपीएस पट्टा चढवला आणि माळशेज घाटात सोडलं. सुमारे 120 किलोमीटर चालून तो राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. 2011च्या डिसेंबरात रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. चिपचा क्रमांक नोंदीशी जुळला, तेव्हा तो आजोबा असल्याचं कळलं.

बिबटे रस्त्याच्या कडेला कुठे आणि किती वाजता येतात, हे कॅमेऱ्यांच्या नोंदींमधून निघतं. रस्त्यांखालून प्राण्यांसाठी वाट कुठे ठेवायची, हे ठरवणाऱ्या अभियंत्यांपुढे ही यादी नकाशा पक्का होण्याआधीच असायला हवी.