आधी पान, मग पाटी
लेखमाला : शाळा कोणाची? (लेखांक ९)

दर चौथ्या दिवशी अंगाला तेल. शाळेच्या कारभाराविषयी मी आजवर बरेच कागद वाचले, पण हे कलम एकाच ठिकाणी सापडले. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी १८०१ साली कंपनी सरकारचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक लांबलचक पत्र लिहिले. तंजावरच्या मुलखात रामेश्वराच्या वाटेवर जी छत्रे होती, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अन्नछत्र आणि धर्मशाळा एकत्र, त्यांत काय काय चालते याचा हिशेबच त्यांनी मांडला. ब्राह्मणापासून परयापर्यंत जो वाटसरू येईल त्याला जेवण. आजाऱ्याला वैद्य, आणि साप-विंचवाचे विष उतरवणाराही. चार वेदांना चार अध्यापक, शिवाय एक पंतोजी. परमुलखातून आलेल्या वाटसरूंची पोरकी मुले या पंतोजीच्या हवाली होत. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, अंगावर कपडे, दुखलेखुपले तर औषध आणि दर चौथ्या दिवशी तेल. ज्या विद्येची आवड असेल ती शिकवायची. शिकून मूल तयार झाले की त्याच्या लग्नाचा खर्चसुद्धा छत्रानेच करायचा.

पत्र हौसेने लिहिलेले नव्हते. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीने घेतला होता. राजांकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. छत्रांना लावून दिलेली गावेही कंपनीच्या हाती जाणार अशी चिन्हे दिसू लागली तेव्हा राजांनी हे लिहिले. बाकी काहीही घ्या, पण पूर्वजांनी घालून दिलेला हा धर्म मोडू नका, असा त्याचा मथितार्थ. एखाद्या संस्थेचे अनुदान बंद व्हायची वेळ आली की संचालक सचिवालयात जो अर्ज घेऊन जातात, त्याच जातीचा हा कागद आहे. अशा अर्जात माणूस आपल्या कामाचे जरा जास्तच गोडवे गातो, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. तरीही तेलाचे कलम कुणी मुद्दाम रचून घालील असे मला वाटत नाही. ते घरातल्या बाईला सुचणारे कलम आहे.

मागच्या लेखांकात आपण अमेरिकेतल्या ‘मॅग्नेट’ शाळा पाहिल्या. तिथे मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार हे घराच्या पत्त्यावर ठरते. गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी, म्हणून शाळाही वेगळ्या. त्यावर तोड म्हणून १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावी मॅकार्व्हर ही प्राथमिक शाळा अशी सजवली की दुसऱ्या वस्तीतल्या आईबापांनी आपण होऊन मुले तिकडे पाठवावीत. लोहचुंबकासारखी ओढून घेणारी, म्हणून ‘मॅग्नेट’. पुढे कॅन्सस सिटीत न्यायालयाच्या हुकमाने या कल्पनेवर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले, पोहण्याचे तलावसुद्धा बांधले गेले, आणि उपनगरातली गोरी मुले अपेक्षेइतकी आलीच नाहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकमांना लगाम घातला. तो लेख वाचून एका वाचकाने विचारले होते, आपल्याकडे असे काही झाले का? झाले, आणि तेही एका मराठी राजाच्या हातून, महाराष्ट्रापासून हजारभर किलोमीटर दूर. आजचा लेखांक त्याचाच.

सरफोजीराजे स्वतः अशाच एका ओढून घेणाऱ्या शिक्षणातून घडले होते. दत्तकाच्या वादात चुलत्याने, अमरसिंहाने, गादी बळकावली. दत्तक आलेल्या मुलाच्या, म्हणजे सरफोजीच्या, जिवाला धोका होता. ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्याला जपले आणि १७९३ मध्ये मद्रासला नेऊन तिथे शिकवण्याची व्यवस्था लावली. त्याआधीच, १७८० च्या दशकात, श्वार्ट्झने तंजावर, रामनाड आणि शिवगंगा इथे इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा काढल्या होत्या. तंजावरची सेंट पीटर्स शाळा आपले मूळ त्याच्याशी जोडते. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजाने त्याच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहायला मिळते.

राज्य गेलेला राजा काय करतो? काही राजे शिकार करतात. सरफोजींनी १८०३ च्या सुमारास किल्ल्यात शाळा काढली. नाव ठेवले ‘नवविद्याकलानिधि शाळा’. पोथी-पुराणांच्या जोडीला भूगोल, गणित, खगोल. भाषा मराठी, तामिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी. त्या वेळी पुण्यात पेशवाई चालू होती आणि पंतोजींच्या शाळेत मोडी, पाढे व जमाखर्च यापलीकडे फारसे काही नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे नावातल्या ‘नव’ या अक्षरांचे वजन कळते. तामिळ मुलखातही तिण्णै पळ्ळिक्कूडम, म्हणजे ओट्यावर भरणारी शाळा, हाच रिवाज होता. शाळेला पुस्तके हवीत म्हणून देवनागरी खिळ्यांचा छापखाना आला, आणि तिथून सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडल्या. साल १८०६ च्या आसपासचे.

त्यातला सगळ्यात गमतीचा भाग म्हणजे ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तामिळ मुलखातला नाट्यप्रकार. डोंगरातली कुरव जातीची भविष्य सांगणारी बाई येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहते. आपल्या कुडमुड्या जोशाची लांबची बहीण म्हणा. सरफोजींनी ही बाई उचलली आणि तिच्या तोंडी मराठीत पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र सगळे ती गात सांगते. भूगोलाचा तास सोपा करण्यासाठी आजवर जे जे उपाय निघाले त्यांत मी हा वरच्या क्रमांकावर ठेवीन.

इथवर सगळे मॅग्नेट शाळेसारखेच आहे. नवे विषय, चांगले शिक्षक, छापील पुस्तके, राजाची नजर. आता पुढची गोष्ट. सरफोजी १८३२ मध्ये वारले. मुलगा शिवाजी याला पुत्र नव्हता. १८५५ मध्ये तो वारल्यावर कंपनीने गादी खालसा केली. किल्ल्यातली शाळा राजाच्या खाजगीतल्या पैशावर आणि राजाच्या आवडीवर उभी होती, ती राजाबरोबर मिटली. छत्रे मात्र उरली.

का उरली, याचे उत्तर भावनेत शोधू नये, जमिनीत शोधावे. छत्राला गावे लावून दिलेली असत आणि त्यांचे उत्पन्न छत्राचे. त्याला नाव बहुधा राणीचे. नीडामंगलमचे छत्र यमुनांबेच्या नावाचे. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेवर ओरत्तनाडु लागते, तिथले मुक्तांबा छत्र सरफोजींनी १८०२ मध्ये बांधले. मुक्तांबा ही त्यांची प्रिय सहचरी. मरताना तिने आपल्या नावाने छत्र बांधायचे वचन घेतले असे सांगतात. इमारतीच्या दर्शनी अंगाला दगडी चाके आणि घोडे आहेत, म्हणजे सबंध छत्र रथासारखे पळते आहे असा देखावा. तिथे पंगतही होती आणि शाळाही. इंग्रजांनी पुढे ही छत्रे जिल्हा बोर्डाकडे सोपवली. रामेश्वराला आगगाडी जाऊ लागल्यावर पायी यात्रेकरू आटले, आणि उत्पन्नाचा ओघ शाळा, वसतिगृहे व दवाखाने यांच्याकडे वळला. तिरुवैयारूचे संस्कृत कॉलेज याच पैशावर उभे राहिले. तंजावर जिल्हा प्रशासनात छत्रांचा कारभार पाहणारा वेगळा विभाग आजही आहे.

आता कडू भाग. राजाच्या पत्रात जेवण सगळ्यांना होते, विद्या सगळ्यांना नव्हती. वेदाच्या चार अध्यापकांसमोर कोण बसत असेल हे सांगायला नको. मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये देशी शाळांची मोजदाद मागवली, तेव्हा तंजावर जिल्ह्याने ८८४ शाळा आणि १०९ पाठशाळा कळवल्या. आकडा डोळ्यांत भरतो खरा. तो पुढे करून ‘बघा, इंग्रजांआधी आपल्याकडे सगळे होते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना विचारावे, वरच्या पाठशाळांत कोण होते? ब्राह्मण. छत्रांच्या पैशावर चालणाऱ्या वसतिगृहांतही विसाव्या शतकापर्यंत तेच राहिले. शेते कसणारा एक, आणि त्या शेतांच्या भातावर शिकणारा दुसरा.

हा दरवाजा उघडला ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी. जस्टिस पक्षाचे हे पुढारी १९२० च्या दशकात तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. छत्रांच्या पैशावरची वसतिगृहे त्यांनी ब्राह्मणेतर मुलांना खुली केली, आणि तिरुवैयारूच्या संस्कृत कॉलेजात तामिळचे उच्च शिक्षण सुरू करवले. मराठी राजाने ठेवलेल्या पैशावर तामिळ विद्वान तयार होऊ लागले. याच काळात आपल्याकडे भाऊराव पाटील साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवत होते, आणि त्याआधी १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग लावली होती. तिघांना कळलेली गोष्ट एकच होती : शाळेचे दार उघडणे पुरत नाही, गावाबाहेरून आलेल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन्ही वेळचे पान लागते. वार लावून जेवलेली पिढी आमच्या लहानपणी म्हातारी होती. सात घरचे सात वार कोणते, हे ती शेवटपर्यंत विसरली नाही. पुण्यात १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती निघाली तीही याच भुकेतून.

आजच्या तंजावरात शिरताना आणखी एक वळण लागते. आपल्याकडे ‘हुशार मुलांची सरकारी शाळा’ म्हटले की नवोदय विद्यालय डोळ्यांसमोर येते : सहावीला प्रवेश परीक्षा, राहणे-जेवणे मोफत, जिल्ह्याला एक. पहिल्या दोहोंपैकी एक तर आपल्या अमरावतीत निघाले. तामिळनाडूने मात्र ही शाळा घेतली नाही. कारण त्रिभाषा सूत्र, आणि त्यातून येणारी हिंदी. हा हट्ट आहे की स्वाभिमान, यावर महाराष्ट्रातही आता वाद घालायला हरकत नाही. तंजावरच्या हुशार खेडवळ पोराची त्यात एक संधी गेली हे खरे. उशिरा का होईना, २०२१ नंतर त्या राज्याने सरकारी शाळांतल्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात निवासी ‘आदर्श शाळा’ सुरू केल्या. २०२० च्या कायद्याने वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळेत शिकलेल्यांना साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या.

पण तामिळनाडूचा खरा जोर ओढून घेणाऱ्या शाळेवर कधी नव्हताच. तो पानावर होता. मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ मध्ये राज्यभर दुपारचे जेवण सुरू केले. एमजीआर यांनी १९८२ मध्ये ते पोषक आहार म्हणून वाढवले, तेव्हा दिल्लीतले जाणकार हसले. पुढे सबंध देशाने तेच उचलले. २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही आला. उपमा, खिचडी, पोंगल, वर सांबार. २५ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचा विस्तार राज्यभर झाला. त्या कार्यक्रमाची जागा तिरुक्कुवळै. करुणानिधी ज्या शाळेत शिकले ती शाळा. हे गाव आज नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. १९९१ पर्यंत ते तंजावर जिल्ह्यातच होते. राजाच्या तीन वेळच्या जेवणातली दोन वेळची व्यवस्था अशी दोनशे वर्षांनी सरकारी झाली. तिसरी अजून आईकडेच आहे.

राहता राहिला राजाच्या यादीतला शेवटचा रकाना, लग्नाचा खर्च. तोही तामिळनाडूने चालवला. मूवलूर रामामिर्तम् या देवदासी प्रथेविरुद्ध लढलेल्या बाई. मूवलूर हे जुन्या तंजावर जिल्ह्यातलेच गाव. त्यांच्या नावाने १९८९ मध्ये सरकारने योजना काढली : मुलगी ठरावीक इयत्तेपर्यंत शिकलेली असेल तर तिच्या लग्नाला मदत. पुढे त्यात मंगळसूत्राचे सोनेही आले. २०२२ मध्ये ती योजना बदलली. नाव तेच राहिले, पण सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेली मुलगी कॉलेजात गेली की तिच्या खात्यात दरमहा एक हजार रुपये जमा होऊ लागले. लग्नाचे पैसे आता शिक्षणाला मिळतात.