कोंबडीची मागची पिसं घाण झाली तर

पवई तलावाच्या पलीकडे, आरेच्या बाजूला अजून पाडे आहेत, आणि पाड्यांवर दारात कोंबड्या आहेत. मुंबई असली तरी पावसात आमच्या खुराड्याचे हाल तुमच्यासारखेच. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीची अंड्यावरची कोंबडी गेली. चार दिवस तिची मागची पिसं शिटेनं चिकटलेली दिसत होती. ‘पाऊस आहे, वाळेल’ असं आम्ही सगळ्याच म्हणालो. पिसं उचलून बघितली तेव्हा आत अळ्या पडल्या होत्या. म्हणून आज हाच विषय.

आधी धुवायचं कसं ते बघू. ऊन असताना, दुपारच्या आत धुवा. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, साधारण ४१ अंश असतं, म्हणून गार पाणी नको. घमेल्यात कोमट पाणी घ्या. कोंबडी फडक्यात गुंडाळून काखेत धरा आणि मागचा भाग पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा. घाण भिजली की बोटांनी हळूहळू सोडवा. ओढू नका, कातडी सोलते. अगदी गोळा झालेली पिसं कातरा, पण मुळाशी नको. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं. मग फडक्यानं टिपून पूर्ण वाळवा. लाल झालेल्या जागी खोबरेल तेल लावा. लाल जागा दिसली की बाकीच्या कोंबड्या टोचतात, म्हणून तिला दोन-तीन दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा. शेवटी आपले हात साबणानं धुवा.

पिल्लांची जागा चिकटली तर ओल्या कापसानं पुसा, बुडवू नका. पिल्लं गारठली की असं होतं, त्यांना ऊब द्या.

पण धुणं हे अर्धंच काम. घाण का झाली, ते शोधा. आठ-दहा शिटांमागे एक शीट तपकिरी, पातळसर येते, ते बरोबर आहे. उन्हाळ्यात जास्त पाणी प्यायल्यानंही शीट पातळ होते. मात्र रोजच पातळ होत असेल आणि कोंबडी वाळत असेल, तर जंत असू शकतात. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. अशा वेळी कोरडी माती आणि राख एकत्र करून कोंबड्यांना लोळायला द्या, खुराड्यातलं ओलं तूस बदला. पांढरा, घाण वासाचा स्राव सतत येत असेल, किंवा कोंबडी जोर करते पण अंडं येत नसेल, तर घरी बोट घालू नका. दवाखाना गाठा. अळ्या दिसल्या तर चिमट्यानं काढा, मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हिरवी शीट, मान वाकडी, धाप, हे मानमोडीचं लक्षण असू शकतं. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या तर धूत बसू नका, मेलेल्यांना हात लावू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.

औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत, तेही विचारून घ्या.

आता आम्ही रोज संध्याकाळी खुराडं लावताना एकेका कोंबडीची शेपटी उचलून बघतो. तुम्हीही आजपासून बघा.