सकाळच्या न्याहारीला अंडे : पिवळ्या बलकासह

परसात चार कोंबड्या असलेल्या बऱ्याच घरांत एक चित्र दिसते. अंडी टोपलीत जमतात, आठवड्याच्या बाजाराला जातात आणि त्याच पैशातून चहापूड, साखर व मुलांसाठी बिस्किटांचा पुडा घरी येतो. सकाळी मुले चहात बिस्किट बुडवून शाळेला जातात आणि घरची बाई नुसत्या चहावर खुरपणीला जाते. घरात तयार झालेले उत्तम अन्न बाहेर जाते आणि त्याच्या बदल्यात साखर व मैदा घरात येतो. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. अंडी जरूर विका, परंतु घरच्या माणसांचा वाटा आधी बाजूला काढा.

अंड्यात काय असते?

मध्यम आकाराच्या एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ७० कॅलरी ऊर्जा मिळते. गावठी कोंबडीचे अंडे लहान असते, त्यामुळे त्यात हे प्रमाण थोडे कमी भरते. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले अंड्यात योग्य प्रमाणात असतात. म्हणूनच इतर अन्नातील प्रथिनांचा दर्जा ठरविताना आहारशास्त्रज्ञ अंड्यातील प्रथिनांशी तुलना करीत आले आहेत.

ज्वारी, बाजरी व गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. अंड्यात ते भरपूर असते. त्यामुळे भाकरीबरोबर अंडे खाल्ले की भाकरीतील प्रथिनांचाही शरीराला अधिक चांगला उपयोग होतो. शिवाय प्रथिने व स्निग्ध पदार्थ सावकाश पचतात. चहा-बिस्किटाने तासाभरात पुन्हा भूक लागते, तर अंडे-भाकरी खाऊन गेलेल्या माणसाला दुपारपर्यंत दम राहतो.

पिवळा बलक टाकू नका

अलीकडे काही घरांत पांढरा भाग खाऊन पिवळा बलक टाकून देण्याची पद्धत पडली आहे. हे म्हणजे दाणे टाकून कडबा घरी आणण्यासारखे आहे. अ, ड आणि ई जीवनसत्त्वे जवळजवळ पूर्णपणे पिवळ्या बलकात असतात. बी-१२, फॉलिक आम्ल, लोह आणि डोळ्यांना उपयुक्त असे ल्युटीन यांचाही मोठा भाग तेथेच असतो. मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन तर पांढऱ्या भागात नगण्यच असते. एवढेच नव्हे, तर अंड्यातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ४० टक्के प्रथिने बलकात असतात.

बलक टाकण्यामागे कोलेस्टेरॉलची भीती आहे. एका अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सर्व बलकात असते, हे खरे. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने १९६८ मध्ये आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला होता. पुढील संशोधनात असे दिसले की रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते, आणि आहारातून ते अधिक आले की बहुतेकांचे यकृत आपले उत्पादन कमी करते. त्यामुळे दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेच्या २०१५ च्या आहारविषयक मार्गदर्शनातून वगळण्यात आली. निरोगी माणसाने रोज एक पूर्ण अंडे खाण्यास हरकत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आढळले आहे त्यांनी, डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

अंडे खाताना घ्यावयाची काळजी

१. कच्चे अंडे दुधात घालून पिण्याने ताकद येते हा गैरसमज आहे. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचतात, कच्च्यातील जेमतेम ५० टक्के. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या रोगजंतूंची बाधाही होऊ शकते.

२. अंडी थंड पाण्यात ठेवून पाण्याला उकळी आणावी व नंतर ८ ते १० मिनिटे शिजू द्यावीत. फार वेळ उकळल्यास बलकाभोवती हिरवट कडा येते. ती अपायकारक नसते.

३. बुर्जी किंवा पोळा करताना तेल बेताचे घालावे. कांदा, टोमॅटो, मेथी किंवा शेवग्याचा पाला घातल्यास अंड्यात नसलेले क जीवनसत्त्व व तंतुमय पदार्थ मिळतात.

४. अंड्यातील लोह शरीरात कमी शोषले जाते. न्याहारीबरोबर लिंबू, पेरू किंवा आवळा घेतल्यास भाकरी-भाजीतील लोहाचे शोषण वाढते. उलट चहामुळे ते घटते, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

५. ताजे अंडे पाण्यात तळाशी आडवे राहते. शिळे होऊ लागलेले उभे राहते. तरंगणारे अंडे वापरू नये.

६. घरची अंडी धुऊन साठवू नयेत, कारण त्यांच्यावरील नैसर्गिक आवरण निघून जाते. कोरड्या फडक्याने पुसून, निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत. उन्हाळ्यात लवकर वापरावीत.

कवच पांढरे की तपकिरी, यावर पौष्टिकता अवलंबून नसते. बलकाचा रंग कोंबडीच्या खाद्यावर ठरतो. मका व हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात तो गडद असतो.

आधी कोणाला द्यावे?

अंडी थोडी असतील तर ती आधी वाढत्या मुलांना, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांना आणि किशोरवयीन मुलींना द्यावीत. प्रत्यक्षात घरात नेमके हेच लोक शेवटी जेवतात. सहा महिन्यांनंतर बाळाला पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून थोडे थोडे सुरू करता येते. अंगावर पुरळ उठल्यास किंवा उलटी झाल्यास ते थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जी कुटुंबे अंडी खात नाहीत, त्यांनी न्याहारीत दूध, दही व मोड आलेली कडधान्ये यांचा समावेश करावा.

घरापुरता हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दर माणशी वर्षाला १८० अंडी हवीत. चार माणसांच्या घराला ७२० अंडी लागतील. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते, म्हणजे बारा कोंबड्या लागतील. परसासाठी तयार केलेल्या ग्रामप्रियासारख्या सुधारित कोंबडीने १५० अंडी दिली, तरी पाच कोंबड्या पुरतात. घरातील उरलेसुरले अन्न, निवडलेल्या धान्यातील कणी व थोडा शिंपल्याचा चुरा यावर त्यांचा बराचसा खर्च भागतो. याहून अधिक कोंबड्या पाळाल तर त्यांची अंडी खुशाल बाजारात न्या.

गाभण गाईला पेंड घालताना आपण हात आखडत नाही, कारण पुढील दूध त्यावर अवलंबून असते, हे आपण जाणतो. तोच विचार घरच्या माणसांबाबत करावा. येत्या बाजाराला टोपली भरण्यापूर्वी आठवडाभराच्या न्याहारीची अंडी मोजून बाजूला ठेवा.