प्लाझ्मावरची साय

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी फ्रान्समधल्या ‘वेस्ट’ या टोकामॅकमध्ये, म्हणजे अणुसंमीलनासाठीच्या चुंबकीय भट्टीत, प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) १३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून थोडा अधिक टिकला आणि ‘कृत्रिम सूर्य’ पुन्हा मथळ्यांत उगवला. पराक्रम खराच, पण एवढा वेळ बाहेरून २ मेगावॉट उष्णता ओतणं चालू होतं. गॅस पेटता असताना दूध गरम राहिलं, यात नवल ते काय? गॅस बंद केल्यावर किती वेळ गरम राहतं, ते सांगा! टोकामॅकमधला असा वेळ म्हणजे ऊर्जाधारण काळ. बहुतेक यंत्रांत तो सेकंदाच्या आतच असतो.

उष्णता निसटते कुठून? चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे कण एकमेकांवर आदळून बाहेर सरकतात, एवढाच हिशेब धरला तर गळती किरकोळ निघते. प्रत्यक्षात ती कित्येक पट जास्त. दोष खळबळीचा. गाभा कोट्यवधी अंश तापलेला, कड त्यामानाने गार. या तफावतीतून इवले भोवरे उठतात आणि उष्णता नि कण दोन्ही बाहेर नेऊन टाकतात.

तापवणं वाढवलं की ही गळतीही वाढते, असा सगळ्यांचा कटू अनुभव होता. ४ फेब्रुवारी १९८२ रोजी म्युनिकजवळ गार्शिंगमध्ये, ‘अ‍ॅस्डेक्स’ या टोकामॅकवर, भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ वाग्नर यांना उलटंच दिसलं. गळती एकाएकी घटली, धारणकाळ जवळजवळ दुप्पट झाला. सुरुवातीला सहजासहजी कुणाचा विश्वास बसेना. मग इतर टोकामॅकमध्येही तेच दिसलं. कडेला प्लाझ्माचे शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या गतीने वाहू लागतात आणि भोवऱ्यांच्या चिंध्या करतात. उरतो काही सेंटिमीटरचा अडसर.

मला ही दुधावरची सायच वाटते. वर पातळ थर, खाली ऊब कोंडलेली. पण साय म्हटली की उतू जाणंही आलंच! अडसराशी दाब साचतो, मग अडसर फुटतो आणि तापलेल्या प्लाझ्माचा लोट भिंतीकडे झेपावतो. शिवाय साय निवड करत नाही: संमीलनातून उरलेली हेलियमची राखही आतच अडकते. म्हणून आजचं बरंच संशोधन साय धरण्याबरोबर ती बेतानं फोडण्यातही गुंतलंय.

भारताचाही वाटा असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅकची सारी आखणी याच सायीच्या भरवशावर आहे. तिथे अपेक्षित धारणकाळ आहे साधारण पावणेचार सेकंद. पुढच्या मथळ्यात मिनिटं मोजू नका, हे सेकंद शोधा.