भीती लावता येते, तशी काढताही येते

"झोप, नाहीतर बागुलबुवा येईल," असं आपण सगळ्याच म्हणतो. गटात त्यावर बोलणं निघालं, म्हणून आज हा विषय.

रशियात पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर अभ्यास केला. खाण्याआधी दरवेळी ठरावीक आवाज केला, की पुढे नुसत्या आवाजानंही कुत्र्याला लाळ सुटायची. हा धागा अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी उचलला. 1920 साली छापलेल्या त्यांच्या आणि रोझली रेनर यांच्या प्रयोगात 11 महिन्यांचं बाळ होतं. त्यानं पांढऱ्या उंदराला हात लावला, की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचे. शेवटी बाळ नुसता उंदीर बघून रडू लागलं. ती भीती त्यांनी काढलीच नाही. आम्हाला तर वाचून रागच आला.

रेनर यांची मैत्रीण मेरी कव्हर जोन्स. वॉटसन यांचं व्याख्यान ऐकून त्यांना वाटलं, भीती लावता येते तर काढताही येईल. जवळजवळ तीन वर्षांचा पीटर सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ. मध्येच पीटर आजारी पडला, एक कुत्रा अंगावर आला, भीती परतली. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. अखेर पीटरनं सशाला बोटं कुरतडू दिली. पुढे मोठ्यांच्या भीतीवर उपचार बसवणाऱ्या जोसेफ वोल्पे यांनी बाईंना त्या उपचारांची आईच म्हटलं.

एक सावधगिरी बाईंनी 1924 सालीच लिहून ठेवलीय. ससा घाईनं जवळ आणला, तर मूल खाऊलाच घाबरू लागेल.